एकाच सालचे एकसष्ट रुपये

पत्र थोडक्यात असं: कोथरूडला राहणाऱ्या, ५७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले. कपाटाच्या खालच्या खणात पत्र्याचा एक डबा होता. त्यात १४३ जुनी चांदीची नाणी निघाली, प्रत्येक बटरपेपरच्या वेगळ्या पुडीत. ६१ राणीछाप रुपयांवर साल १८६२, २२ रुपयांवर १८४०. ४३ रुपये त्यानंतरच्या काळातले. उरलेली १७ नाणी जाडजूड, वेडीवाकडी, अक्षरं अर्धवट कापलेली. पुड्यांवर आणि सोबतच्या वहीत ‘ए-२, ०/३’ अशा खुणा. धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांसाठी येणार आहे. फोनवर तो म्हणाला, ‘एकाच सालचे एकसष्ट ठेवून करायचं काय? आठवण म्हणून दोन-दोन ठेवू, ती वेडीवाकडी आणि बाकीची सराफाला देऊ. माझी मी बॅगेत घेऊन जाईन.’ दरम्यान ताईंनी एक व्हिडिओ पाहिला. टिंबं मोजून एखादा रुपया लाखोंचा निघतो, असं त्यात सांगितलं होतं. टिंबं नीट दिसावीत म्हणून त्यांनी एक रुपया चिंचेने धुतला. सराफाने मात्र चांदीच्या वजनाचाच भाव सांगितला. ताई विचारतात, ‘किमती नाणं ओळखायचं कसं? ओळखता आलं तर भावाला लगेच सांगू, की आधी माझी खात्री करून घेऊ? बाबांनी आम्हाला त्या डब्याला कधी हात लावू दिला नाही. ते काय लपवत होते?’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलं आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

‘ए-२, ०/३’ ही गुप्त खूण नव्हे. १८६२च्या रुपयांचा संग्रह करणारी माणसं ते रुपये असेच लिहितात. ‘ए’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या अर्धचित्राचा प्रकार; दुसरा प्रकार ‘बी’. ‘२’ म्हणजे मागच्या बाजूच्या नक्षीचा प्रकार. आणि ०/३ म्हणजे वरच्या भागात एकही टिंब नाही, सालाच्या खाली तीन टिंबं. बाबांनी लपवलं काहीच नाही, उलट प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते लिहून ठेवलं. त्यांनी हात का लावू दिला नाही, हे मी सांगू शकत नाही, तुमचे बाबा तुम्हालाच ठाऊक. एवढं मात्र माहीत आहे की बोटांचा घाम चांदीवर डाग धरतो आणि काही वर्षांनी तिथे ठशाच्या रेषांसकट काळी खूण उमटते. संग्राहक आपल्या लेकरांवर खेकसतात ते पुष्कळदा एवढ्यासाठीच. नाणं नेहमी कडेने, दोन बोटांत धरायचं. तुम्हीही आता तसंच धरा.

आता भावाचं म्हणणं घेऊ. ते वरवर अगदी रास्त वाटतं आणि तुम्हीही ते अर्धंअधिक मान्य केलेलं दिसतं. एकाच सालचे ६१ म्हणजे एकाच नाण्याच्या ६१ प्रती, असं तुम्ही दोघांनी धरलं आहे. इथेच गफलत आहे. १८६२ हा आकडा रुपयावर तसाच गोठवून ठेवला होता. त्या सालाचे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात राहिले. त्याआधी १८४० सालाचंही हेच झालं. ते साल घातलेला रुपया थेट १८६२ पर्यंत टांकसाळीतून येत होता. म्हणजे तुमच्या डब्यातले ते ६१ रुपये तब्बल बारा वर्षांतले असू शकतात. मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या खाली, आणि काही नाण्यांवर वरच्या भागातही, बारीक टिंबं घातली. त्या टिंबांवरून अभ्यासकांनी नाणं कुठल्या वर्षी पाडलं याचा क्रम लावला. तुमच्या वडिलांनी तो क्रम आपल्या डब्यात उभा केला. त्यातले ‘दोन-दोन ठेवायचे’ म्हणजे बारा वर्षांच्या रोजनिशीतली दोन पानं ठेवून बाकीची रद्दीत घालायची.

हे फरक मुळात पडतात कसे, ते थोडं सविस्तर सांगते. एकदा ते कळलं की पुढची निम्मी शंका आपोआप मिटते. कलदार रुपया, म्हणजे यंत्रावर पाडलेला, त्याचं चित्र आधी एका मूळ ठशावर कोरलं जातं. त्यावरून उठावाचा ठसा घडवतात. तो उठावाचा ठसा मऊ पोलादात दाबून कामाचे अनेक ठसे तयार होतात. ते कडक केले जातात आणि त्यांच्यामध्ये चांदीची चकती ठेवून दाब दिला की रुपया पडतो. राणीच्या झग्याची पुढची पट्टी वेगळी दिसत असेल, मागच्या फुलांच्या पाकळ्या वेगळ्या असतील, तर तो फरक वरच्या पायरीवरचा आहे आणि हजारो नाण्यांवर सारखाच सापडेल. टिंबं, टांकसाळीचं अक्षर, सालाचा एखादा आकडा ही बहुतेक वेळा खालच्या पायरीवर कारागिराने हाताने ठोकलेली असतात. म्हणून ती कधी डावीकडे सरकतात, कधी एकाच जागी दोनदा पडतात. याच्याही पुढे ठसा वापरून म्हातारा होतो, त्याला तडा जातो. मग त्या तड्यात चांदी शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते.

म्हणून भिंग हातात घेतल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही खूण उठावाची आहे की खाच आहे? तुम्ही लिहिलं आहे की एका रुपयावर राणीच्या नाकापासून कडेपर्यंत रेघ गेली आहे. नखाने चाचपू नका, भिंगातूनच बघा. उंच असेल तर ती ठशाच्या तड्याची रेघ आहे आणि त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावरही ती मिळेल, कदाचित अजून लांब झालेली. खोल असेल तर टांकसाळीबाहेर आल्यावर कुणीतरी ओढलेला ओरखडा आहे. याला अपवाद म्हणजे मानेच्या खालच्या कडेवरची मुद्दाम आत दाबलेली अक्षरं. ती खोल असली तरी टांकसाळीचीच.

दुहेरी आकड्यांबाबत मात्र फार सावध राहा. व्हिडिओत ज्याला ‘डबल छाप’ म्हणून हजारोंनी भाव सांगतात, ते बहुतेकदा यंत्रात नाणं किंवा ठसा किंचित हलल्याने झालेलं असतं. तिथे आकड्याच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ आकडा तेवढा बारीक होतो. हाताने दोनदा ठोकलेला आकडा वेगळा असतो. दोन्ही आकडे गोलाईदार, आणि टोकाशी स्पष्ट खोबण. हे शब्दांत वाचून डोळा बसत नाही. पण तुमच्याकडे बाबांनी नावं घालून ठेवलेली ६१ नाणी आहेत, यापेक्षा चांगली शाळा नाही. एक ‘ए’ची पुडी आणि एक ‘बी’ची पुडी उघडा. दोन्ही रुपये मऊ कापडावर शेजारी ठेवा आणि झग्याच्या पुढच्या नक्षीत फरक शोधा. बाबांनी काय पाहिलं ते तुम्हाला दिसेपर्यंत तिसरी पुडी उघडू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला तरी चालेल.

उजेडाबद्दल एक सूचना. खोलीचा दिवा बंद करा आणि टेबलावरचा एकच दिवा डावीकडून, खालच्या कोनातून ठेवा. नाणं हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात जे टिंब दिसत नाही ते तिरक्या उजेडात सावली टाकतं. यासाठी चिंच लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

१८४०च्या २२ रुपयांत तर भिंगाशिवायच दोन ढीग पडतील. काहींवर राणीचं नाव आणि पदवी डोक्यावरून एकसलग गेली आहे, तर काहींवर नाव डावीकडे आणि पदवी उजवीकडे, मध्ये डोकं. सलगवाले आधीचे, विभागलेले नंतरचे. त्यानंतर मानेच्या कडेवर डब्ल्यू-डब्ल्यू शोधा. ती विल्यम वायन या कोरक्याची आद्याक्षरं. मागे वेलीच्या कड्यात बारीक फळं आहेत, ती मोजा. फळांची संख्या ठशागणिक बदलते आणि बाबांनी वहीत आकडा लिहिला असेल तर बहुधा तोच. वही जसजशी उलगडेल तसतसे तुमचे निम्मे प्रश्न तीच सोडवेल.

आणि आता ती १७ वेडीवाकडी. भावाने त्यांना मोडीत काढलं हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण डब्यातला कदाचित सर्वांत पुणेरी भाग तोच आहे. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयावर अंकुशाची खूण असे. हत्ती हाकायचा तो अंकुश. त्यावरून त्याला अंकुशी रुपया म्हणत. वर मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं, पण रुपया आपल्या पेठांतला. इंग्रजी अंमल आल्यावरही काही वर्षं तो पाडला जात होता. तुमच्या एखाद्या नाण्यावर आकडीसारखी खूण दिसते का, ते आजच बघा.

त्यांची अक्षरं कापलेली आहेत ती खराबी म्हणून नव्हे. हाताने ठोकायच्या नाण्यात ठसा मोठा आणि चांदीचा गोळा लहान असे. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर ठशाचा एखादाच तुकडा येई. एकावर वरची ओळ, दुसऱ्यावर खालची, तिसऱ्यावर फक्त अंकुश. अख्खा ठसा कसा होता हे समजायला एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी मांडून, एकाचं उरलेलं दुसऱ्यात शोधावं लागतं. इथे ‘सारखी’ नाणी नसतील तर वाचताच येत नाही. मी एकदा एका वृद्ध अभ्यासकांना अशी नऊ नाणी कागदावर मांडून पेन्सिलीने एक पूर्ण वर्तुळ काढताना पाहिलं आहे. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा त्यांनी मला काही न सांगता कागद माझ्याकडे सरकवला. तुमच्या बाबांनी १७ जमवली ती का, याचा अंदाज मला त्या कागदावरून येतो.

किमतीचं स्पष्ट बोलते, कारण तुम्ही ते आडपडदा न ठेवता विचारलं आहे. वेगळा ठसा म्हणजे दुर्मिळ नव्हे, आणि दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे. एखादा प्रकार फार थोडा उरला असेल, पण तो हवा असणारी माणसंही थोडीच असतील तर भाव चढत नाही. उलट एखादा अगदी साधा प्रकार, नक्षीचा उठाव शाबूत असलेला, टांकसाळीतून आल्यासारखा, चांगला भाव खाऊन जातो. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या १८६२च्या बहुतेक रुपयांना चांदीपेक्षा फार वर मिळत नाही. तेव्हा त्या व्हिडिओतली लाखांची गोष्ट मनातून काढून टाका. ती मनात असेल तर भिंगातून जे नाही तेही दिसायला लागतं.

सराफावरही रागावू नका. तो चांदी विकत घेतो, म्हणून चांदीचा भाव सांगतो. त्याचा तोळाच मुळात या रुपयाचा आहे. कंपनी सरकारने रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरवलं आणि तोच तोळा झाला. त्यात चांदी बारा भागांत अकरा. त्याच्या तराजूला टिंबं दिसत नाहीत, इतकंच. पण नाणं कसोटीवर घासू मात्र देऊ नका. ती घासणी कायमची राहते.

अस्सलपणा घरीच बऱ्यापैकी तपासता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणा. कलदार रुपया ११.६६च्या आसपास भरला पाहिजे, झिजलेला असेल तर थोडा कमी. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकता, पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबता धरा. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. रुपयाच्या वजनाला या आकड्याने भागलं की १०.३च्या जवळपास यायला हवं. ९च्या खाली आलं तर ती चांदी नव्हे. नंतर कापडावर ठेवून टिपा, पुसू नका. हे सगळ्या वाचकांसाठीच सांगते, कारण पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी ओतीव नकला ढिगाने मिळतात. आणि ज्यांच्या देवघरात रामदरबार कोरलेलं, १८१८ सालचं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ आहे, त्यांनी ते श्रद्धेने जरूर पुजावं. पण तसं नाणं कंपनीने कधी पाडलंच नव्हतं, तेव्हा ते लाखोंना विकायला किंवा घ्यायला जाऊ नये.

आता भाऊ. ताई, त्याला आधी सांगा. आजच. ‘आधी माझी खात्री करून घेते’ यात तुमचा हेतू वाईट नाही हे पत्रातून कळतं, पण हे वाक्य त्याला दोन महिन्यांनी कळलं तर वेगळंच ऐकू येईल. वडिलांच्या मागे उरलेल्या वस्तूंवरून भावंडांत जी अढी बसते ती किमतीमुळे कमी आणि ‘तुला माहीत होतं, मला नव्हतं’ यामुळे जास्त बसते. त्याला हेही सांगा की किती मिळतील हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते खरं आहे.

त्याच फोनवर बॅगेचा विषयही काढा, कारण तिथे मतामतांचा प्रश्न नाही. आपल्याकडच्या १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. १८४० आणि १८६२चे रुपये तर निर्विवाद त्यात येतात. विमानतळावर अडकला तर त्याला तुमच्याहून जास्त त्रास होईल. म्हणजे नाणी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची ठरवली तरी त्याचा वाटा पुण्यातच राहणार. हे एकदा दोघांच्या लक्षात आलं की वाटणीची घाई आपोआप कमी होईल.

मला विचाराल तर डिसेंबरपर्यंत एकही पुडी डब्याबाहेर कायमची जाऊ देऊ नका. यादी करा. पुडीचा क्रमांक, वजन, बाबांची खूण, दोन्ही बाजूंचा फोटो, बस. फोटो त्याच दिवशी भावाला पाठवा. पुडी जुनी, पिवळी झाली असली तरी फेकू नका. नाणं नव्या कागदात ठेवलंत तर जुनी पुडी त्यालाच जोडून ठेवा, कारण खूण तिच्यावर आहे. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांपासूनही लांब राहा. काही काळाने ती चिकट होऊन नाण्यावर हिरवट थर धरतात.

अडलंत तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मराठेशाहीच्या नाण्यांबद्दल तिथे चौकशी करा. एक दिवस मोकळा काढता आला तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. भाऊ आला की त्याला घेऊनच जा. विक्रीचं ठरलंच तर एका दुकानात सगळा डबा उघडण्याऐवजी नाण्यांच्या लिलावदारांकडे यादी आणि फोटो पाठवा, दोन-तीन ठिकाणचे अंदाज घ्या आणि दोघांनी मिळून ठरवा.

यादी झाल्यावर तुमच्यापुढे तीन वाटा असतील. सगळं एकत्र ठेवायचं, सगळं एकत्र विकायचं, किंवा वाटायचं. पहिली मला सर्वांत जवळची, पण घर तुमचं, गरजा तुमच्या. पैशांची खरी निकड असेल तर विकण्यात काहीही अपराध नाही. फक्त १८६२चा संच आणि ती १७ नाणी सुटी करू नका, वहीसकट द्या. वाटायचीच असतील तर वजनाने नको. एकाने एक उचलायचं, मग दुसऱ्याने एक. उचलताना तेच का उचललं ते मोठ्याने सांगायचं. मग कुणाला काय का हवंय हे समोरच कळतं आणि मनात शंका उरत नाही.

राहिला तो चिंचेने धुतलेला रुपया. माझ्या आजीच्या लक्ष्मीपूजनातले रुपये आम्ही दर दिवाळीला राखेने लख्ख घासत असू. आज त्यांच्यावर राणीचं नाकही धड दिसत नाही, आणि ते कशाने गेलं हे कळायला मला तीस वर्षं लागली. चांदीवरचा काळपट थर मळ नसतो. चांदीनेच हवेतल्या गंधकाशी मिळून तो धरलेला असतो आणि आम्लाने तो काढला की वरची कातडीही जाते. ती परत येत नाही. पुन्हा धुऊ नका, चमकवू नका, काळा करण्याचे उपायही करू नका. तो त्याच्याच पुडीत परत ठेवा. आणि बाबांच्या वहीत, त्याच खुणेसमोर, तुमच्या अक्षरात लिहा: ‘चिंचेने धुतला’. पुढे तारीख घाला. यापुढे हे नाणं ज्याच्या हातात जाईल त्याला ते कळायला हवं.